सुविचारात तरंगणारी बाई

सिंगापूरमधल्या आमच्या धम्मबांधवांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज उजाडायच्या आत एक सुविचार येतो. तो बाबूराव भावजी टाकतात. भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे चुलत भाऊ. हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि ग्रुपचे अ‍ॅडमिनही आहेत. यातला मोठा हुद्दा कुठला, असं विचारलं तर ते थोडा वेळ मागतील.

सुविचाराला चार कोपऱ्यांत चार कमळं लागतात, खाली 'सुप्रभात, जय भीम' लागतं. मधली ओळ रोज वेगळी. ती किती जण वाचतात माहीत नाही, पण उत्तर सगळे देतात. कोणी हात जोडतं, कोणी 'साधू साधू साधू' लिहितं, आणि मग ज्याची त्याची माणसं भारतात जिथे असतील तिथे तो पुढे ढकलला जातो. आमच्यात कुणी गेलं तर बातमी दुपारपर्यंत पोचते. सुविचार नाशिकला चहाच्या आधी पोचलेला असतो.

मार्चमधल्या एका बुधवारी त्या चार कमळांच्या मधोमध मी होते.

उताणी, पाण्यावर. डोळे मिटलेले, तोंडावर हसू, डोक्यावर पिवळी रबरी टोपी, अंगात जांभळा पोहण्याचा ड्रेस, कोपरापर्यंत बाह्या आणि गुडघ्यापर्यंत पाय असलेला. चेहऱ्याभोवती सोनेरी वलय. वरची ओळ अशी : 'पाणी सर्वांचे आहे. त्यावर कुणाचाही पहारा नाही.'

मी कणीक मळत होते. आर्याने, म्हणजे माझ्या मुलीने, फोन माझ्या नाकासमोर धरला.

"आई, धिस इज यू."

"मी कशाला असेन," मी म्हटलं, आणि मग मीच होते.

खाली तोवर बरेच हात जोडून झाले होते. तिघांनी 'साधू साधू साधू' लिहिलं होतं. मग कुणीतरी विचारलं होतं, 'या ताई कोण?' आणि कुणीतरी तत्परतेने सांगितलं होतं, 'रविंद्रच्या मिसेस.'

आता मी तिथे कशी पोचले ते सांगते.

पन्नाशी आली तरी मला पोहता येत नव्हतं. आमच्या माहेरी कुणालाच येत नव्हतं. गावात विहीर ज्यांची, पोहणंही त्यांचं. पुढे लग्न झालं ते बोटीवरच्या इंजिनिअरशी. रविंद्र आता चीफ इंजिनिअर आहेत. अर्धं वर्ष समुद्रावर, अर्धं वर्ष जुरोंग ईस्टच्या आमच्या फ्लॅटमध्ये रिमोट शोधत. मी एकदा विचारलं होतं, "अहो, एवढ्या पाण्याची भीती नाही वाटत?" तर म्हणाले, "इंजिनरूममध्ये पाणी दिसतंच कुठे?" मला मात्र घरात बसून दिसायचं. त्यांचा फोन दोन दिवस लागला नाही की मला ते भिंतीतून वर येताना दिसायचं. शेवटी ठरवलं, एकदा आत जाऊन बघू या हे काय आहे.

म्हणून बायकांच्या तुकडीत नाव घातलं. शिकवायला कोच मेई. ती माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी आणि माझ्या सासूपेक्षा कडक. पहिले कितीतरी दिवस मी काठ सोडला नाही. आणि मग एका शनिवारी सोडला. पाठ टेकली, कान बुडाले, सगळे आवाज बंद झाले, आणि मी बुडाले नाही. आर्या वर बाकावर बसली होती. तिने विचारलं, "आई, फोटो, कॅन?" मी तोंड न उघडता मान हलवली, कारण तोंड उघडलं तर पाणी जाईल अशी भीती. तो फोटो मी एका माणसाला पाठवला. नवऱ्याला.

नवऱ्याने तो बाबूराव भावजींना पाठवला.

आणि भावजींना नेमकं त्या आठवड्यात पाणी हवं होतं. वीस मार्च जवळ आला होता. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब पाणी प्यायले तो दिवस. त्या आठवड्यात भावजींचे सगळे सुविचार पाण्यावर असतात, आणि रविवारी हॉलमध्ये 'पाण्याचा हक्क' या विषयावर त्यांचं भाषण असतं. दरवर्षी तेच भाषण. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. त्यात एका जागी त्यांचा आवाज दाटून येतो, आणि तो खरा दाटतो.

असो. कणकेचे हात धुऊन मी भावजींना फोन लावला.

"भावजी, तो फोटो."

"वहिनी, मी तुम्हाला फोन करणारच होतो. खरं सांगू? मला पाणी दिसलं."

"भावजी, मी सत्तर किलोची आहे."

"तसं नाही. फोटो वरून काढलेला, सगळा निळाच निळा, तुम्ही कुठेतरी कोपऱ्यात. म्हटलं, पाणी छान आहे. पण ते अ‍ॅप आपोआप चेहरा शोधतं, मध्ये आणतं, मोठा करतं. वलयसुद्धा तेच लावतं. माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता."

"मग आता चष्मा लावा आणि काढून टाका."

"आता काढला तर लोक म्हणतील, बघा, लपवण्यासारखं काहीतरी होतं. तुमच्याच भल्यासाठी ठेवलाय." मग घसा साफ करून म्हणाले, "आणि वहिनी, राग मानू नका, पण असे फोटो काढताना जरा..."

"जरा काय?"

"नाही, म्हणजे, जरा."

तेवढ्यात नाशिकला चहा झाला. नंदावन्संचा फोन आला. या माझ्या थोरल्या नणंद, नाशिकच्या.

"हिरा, वय काय आपलं?"

"पन्नास, वन्सं."

"आणि हे सुचतं?"

"इथे सत्तरीच्या चिनी आज्या पोहतात, वन्सं."

"त्या येतात का सुविचारात?"



दिवसभर फोन येत राहिले. एकीने समजावलं, "मुळात काढूच द्यायचा नाही फोटो. काढला नसता तर आला असता का?" दुसरी म्हणाली, "तुम्ही हसत होतात ना, ते दिसायला बरं दिसत नाही." म्हणजे रडत तरंगले असते तर चाललं असतं. ग्रुपवर डॉक्टर धम्मानंदांनी लिहिलं, 'विचार उत्तम. चित्र प्रसंगानुरूप असावे.' ते संशोधक आहेत, मोजून लिहितात. त्यांना बरेच अंगठे मिळाले. भावजींना मात्र कुणी फोन केला नाही. त्यांना हात जोडून झाले होते.

आर्या कॉलेजातून आली ती फणफणतच.

"टाकला काकांनी, केना स्कोल्ड तू. हाऊ कॅन, लाह?"

केना म्हणजे इथल्या बोलीत वाट्याला येणं. मार, दंड, बोलणी, जे काही नको असताना मिळतं ते केना.

"पोलिसांत जाऊ या," ती म्हणाली.

"काकांना? रविवारी भाषण आहे त्यांचं."

"सो?"

"सो हॉलमध्ये खुर्च्या कोण लावणार? तुझे काका आत, तुझे बाबा बोटीवर."

मी चेष्टा करत होते, पण माझा आवाज चेष्टेत नव्हता हे तिला कळलं असावं. ती मुकाट्याने उठली आणि भांडी घासायला लागली. तिला कुणी सांगितलेलं नसताना भांडी घासते म्हणजे प्रकरण गंभीर.

संध्याकाळी रविंद्रचा फोन आला. बोट कोलंबोच्या पुढे कुठेतरी होती. आवाज येत जात होता.

"ताईचा फोन होता," ते म्हणाले. "फार बोलली. मी काय म्हणतो हिरा, थोडे दिवस जाऊ नकोस पोहायला. मी येईपर्यंत."

"तुम्ही कधी येणार?"

"जूनमध्ये."

शनिवारी मला खोल पाण्यात एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जायचं होतं. त्यावर आमची तुकडी संपणार होती. ते हुकलं तर पुढच्या तुकडीत पुन्हा पहिल्यापासून, आणि पुढच्या तुकडीत, कोच मेईने सांगितलं होतं, सगळी सहा-सहा वर्षांची पोरं. हे सगळं रविंद्रना ठाऊक होतं. महिनाभर मी दुसरं काही बोललेच नव्हते.

"बरं," मी म्हटलं.

गुरुवारचा वर्ग मी बुडवला. पंखे पुसले. जांभळा ड्रेस धुऊन, घडी घालून कपाटात सगळ्यांत खाली ठेवला, हिवाळ्यातल्या शालींखाली. सिंगापुरात शाली कधी निघत नाहीत. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटतेय याचाच राग येत होता. जे अंग पाण्यावर इतकं हलकं झालं होतं, ते आता घरातल्या घरात मला उचलवेना. दुपारी कोच मेईचा मेसेज आला, 'ऑंटी, सिक आह?' मी उत्तर दिलं नाही.

आणि मग दारावरची बेल वाजली. जया होती. बाबूराव भावजींची बायको.

जया माझ्यापेक्षा लहान, गोरी, टापटीप. आली, सोफ्यावर बसली, पर्स मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "हिराताई, तुमचा फोटो बघून माझ्या पोटात दुखलं."

"तुझ्याही?"

"तसं नाही. हेव्यानं दुखलं. आमच्या कॉन्डोला खाली पोहण्याचे दोन पूल आहेत. मी इतकी वर्षं गॅलरीतून बघते. हे म्हणतात, खाली लोक असतात." मग पर्समधून फोन काढला. "मी यांना म्हटलं, माफी मागा. तर म्हणाले, त्यांनी असा फोटो काढायलाच नको होता. म्हणून हे घ्या."

फोटोत बाबूराव भावजी सोफ्यावर झोपले होते. अंगात बनियन. डोक्याला कलप थापलेला आणि त्यावर दुकानातली प्लास्टिकची पिशवी, कानांमागे गाठ मारून. मिशीलाही कलप, त्याचा एक ओघळ हनुवटीपर्यंत. तोंड उघडं.

"दर भाषणाआधी लावतात," जया म्हणाली. "टाका ग्रुपवर."

मी पदराने तोंड झाकलं. बुधवारपासून पहिल्यांदा हसत होते, आणि असं हसणं एकदा सुटलं की आवरत नाही. आर्या खोलीतून बाहेर आली, तिने पाहिलं, आणि तीही भिंतीला धरून खाली बसली.

श्वास आल्यावर मी विचारलं, "काढताना विचारलं होतंस त्यांना?"

"झोपलेल्या माणसाला काय विचारायचं?"

"काकू," आर्या म्हणाली, "दॅट इज द होल प्रॉब्लेम, लाह."

जयाला ते पटलं नाही. नवऱ्याच्या फोटोला परवानगी लागते हा तिच्यासाठी नवा कायदा होता. पण फोटो माझ्या फोनवर ठेवून गेली.

संध्याकाळी आर्याने त्याचा सुविचार केला. पोरीचा हात चांगला आहे. चार कमळं, सोनेरी वलय पिशवीच्या गाठीसकट, आणि वर मी सुचवलेली ओळ : 'रंग बाहेरून लावता येतो. तेज आतून यावे लागते.' खाली सुप्रभात, जय भीम.

शुक्रवारी मी लवकर उठले. भावजींचा त्या दिवसाचा सुविचार अजून यायचा होता. ग्रुप उघडला, फोटो निवडला. हिरव्या बाणावर अंगठा नेला. एक दाब, आणि नाशिकच्या चहाआधी सगळ्या महाराष्ट्राला ती पिशवी दिसली असती. वन्संना दिसली असती. माझा अंगठा तिथे जरा जास्तच वेळ रेंगाळला, हे कबूल करते.

मग ग्रुप बंद केला आणि फोटो एकट्या भावजींना पाठवला. खाली लिहिलं, 'भावजी, आजचा सुविचार मी तयार केलाय. टाकू का? तुमची परवानगी हवी.'

फोन खाली ठेवायच्या आत वाजला.

"वहिनी."

"जय भीम, भावजी."

"जय भीम. हा फोटो..."

"आवडला? ओळ माझी आहे, कमळं आर्याची."

"कुणी दिला तुम्हाला?"

"का?"

"का म्हणजे? माझ्या घरात मी झोपलोय. मला न विचारता फोटो काढला कुणी? तुम्हाला दिला कुणी? आणि तुम्ही टाकणार कोण?"

"वा," मी म्हटलं. "बुधवारपासून मला इतके फोन आले भावजी, यातला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. तुम्हाला कसे पटापट सुचले."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मला विचारलं, पोहायला गेलीसच कशाला. असं घातलंसच का. हसत का होतीस. म्हणून आता मी तुम्हाला विचारते. या वयात कलप लावताच कशाला? बनियनवर का झोपता? तोंड मिटून झोपता येत नाही?"

"वहिनी, मी माझ्या घरात होतो."

"मी माझ्या पाण्यात होते."

मागून जयाच्या मिक्सरचा आवाज आला, गरजेपेक्षा मोठा.

"टाकू नका," भावजी म्हणाले.

"म्हणजे परवानगी नाही?"

"नाही."

"बरं. नाही टाकत."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही टाकत. तुम्ही नाही म्हणालात ना? ठेवू फोन? पोळ्या व्हायच्यात."

त्यानंतर जे झालं ते मला जयाकडून कळत गेलं. भावजींचा विश्वासच बसेना. 'नाही' म्हटल्यावर माणूस खरंच थांबतो, हे त्यांच्या अनुभवात नव्हतं. त्यांनी त्या दिवशी ग्रुपवर सुविचार टाकलाच नाही. लोकांनी चौकशी केली, अ‍ॅडमिनसाहेब बरे आहेत ना? ऑफिसात मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन. जेवणाच्या सुट्टीत फोन. मला मेसेज आला, 'वहिनी, नक्की ना?' मी लिहिलं, 'नक्की.' तासाभराने पुन्हा, 'म्हणजे रविवारीसुद्धा नाही ना?' मी लिहिलं, 'तुम्ही हो म्हणेपर्यंत नाही.' यावर ते आणखीच घाबरले, असं जया म्हणाली. धमकी दिली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. धमकीशी कसं वागायचं ते माणसाला माहीत असतं.

संध्याकाळी ते घरी आले. एरवी टॅक्सीशिवाय न हलणारे भावजी एमआरटी मेट्रोने आले होते, वाटेत वाकडी वाट करून लिटिल इंडियातून म्हैसूरपाक घेऊन. केस काळेभोर.

"बसा," मी म्हटलं. फोन त्यांच्यासमोर धरला. "हा तुमचा फोटो, आणि हा काढून टाकला. आर्यानेही काढला. जयाच्या फोनची खात्री मी देत नाही, ते तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि स्क्रीन खालीवर सरकवून पाहिली.

"मग तुम्हाला काय हवंय?" त्यांनी विचारलं.

"मला उद्या पोहायला जायचंय. तिथे पाण्यात उतरताना कुणाची तरी चूक माझ्या खांद्यावर नको. ती ज्याची त्याला जाऊ दे. ग्रुपवर लिहा."

भावजींनी चष्मा लावला, फोन काढला आणि टाइप करून मला वाचून दाखवलं, "तांत्रिक अडचणीमुळे बुधवारच्या सुविचारात चुकीचे चित्र प्रसारित झाले. क्षमस्व."

"चित्र चुकीचं नव्हतं. मी अगदी बरोबर तरंगत होते, कोचला विचारा."

त्यांनी खोडलं. "अनवधानाने एक चित्र..."

"अडचण कसली होती भावजी?"

"अ‍ॅपची."

"अ‍ॅपला फोटो कुणी दिला?"

ते पंख्याकडे बघायला लागले. पंखा स्वच्छ होता, गुरुवारीच पुसलेला, बघण्यासारखं काही नव्हतं त्यावर.

"मी," ते म्हणाले.

"लिहा."

"पण मला तो रविदादाने..."

"तेही लिहा."

"दादाचं नाव? ग्रुपवर?"

"माझं तोंड होतं ग्रुपवर."

आर्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हैसूरपाक खात होती. भावजींनी तिच्याकडे मदतीसाठी पाहिलं. ती म्हणाली, "काका, टाइप, लाह."

शेवटी झालं ते असं : 'बुधवारचा फोटो हिरावहिनींचा होता. तो त्यांनी फक्त रविदादांना पाठवला होता. दादांनी तो वहिनींना न विचारता मला पाठवला आणि मी वहिनींना न विचारता येथे टाकला. यात वहिनींची काहीही चूक नाही. मी तो काढून टाकत आहे. ज्यांनी पुढे पाठवला असेल त्यांनीही काढावा व पुढच्यांना सांगावे.'

पाठवायच्या बटणावर बोट ठेवून त्यांनी मान वर केली.

"वहिनी, पाठवू?"

आपण आत्ता काय केलं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं.

"पाठवा," मी म्हटलं.

ग्रुपवर बराच वेळ काहीच हललं नाही. भावजींनी चहा घेतला, बशीत ओतून, ऑफिसातलं कुणी बघत नसल्यासारखा. मग एक उत्तर आलं. आम्ही चौघं म्हणजे तीन माणसं आणि एक फोन, सगळे पुढे वाकलो. कुणीतरी सवयीने लिहिलं होतं, 'साधू साधू साधू.'

मग ओघ लागला. धम्मानंदांनी लिहिलं, 'प्रामाणिकपणा स्तुत्य.' बाबूरावांच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक झालं. दोघांनी तर सुचवलं की रविवारच्या भाषणात त्यांनी या अनुभवावर बोलावं. नाशिकहून वन्संचा फोन आला. "बाबूने माफी मागितली म्हणे. केवढं मोठं मन हो त्याचं." मी हो म्हटलं. "तरी पण हिरा, बाह्या पूर्ण घ्यायला हव्या होत्यास."

म्हणजे जग काही एका मेसेजने बदललं नाही. पण तिघींनी मला वेगवेगळं, एकमेकींना न कळू देता, एकच विचारलं : 'ताई, वर्ग कधी असतो? ग्रुपवर लिहू नका, मला एकटीला सांगा.'

भावजी गेल्यावर रविंद्रचा फोन आला.

"माझं नाव घातलंस."

"भावजींनी घातलं. मी फक्त समोर बसले होते."



"मला आनंद झाला होता गं," ते म्हणाले. "मेसमध्ये बसलो होतो, तुझा फोटो आला. मला वाटलं, कुणाला तरी दाखवावं. बाबूशिवाय कुणी सुचलं नाही."

"मला विचारायचं होतं. मी म्हटलं असतं, दाखवा."

"म्हटलं असतंस?"

"नसतं. पण विचारलं असतंत तर मला छान वाटलं असतं."

"आणि ते जाऊ नकोस म्हणालो, ते ताई ओरडली म्हणून. घाबरलो मी."

"चीफ इंजिनिअर."

"ताईला कॅप्टनपण घाबरेल." मग म्हणाले, "उद्या जा."

"मी जाणारच आहे. तुम्ही परवानगी द्यायला फोन केलात का?"

"नाही," ते घाईने म्हणाले. "विचारायला. जातेस का म्हणून."

"जाते."

शालींच्या खालून ड्रेस काढला. शनिवारी पूलच्या फाटकाशी माझे पाय अडले. वाटलं, तिकीटवाल्या बाईने पाहिला असेल, झाडूवाल्या काकांनी पाहिला असेल, आता कुणीतरी म्हणेल, सुविचारातली बाई आली. कुणी काही म्हटलं नाही. इथे प्रत्येकजण ओला, अर्धा उघडा आणि आपल्या कामात होता. वर बाकावर जया बसली होती, काळा गॉगल लावून, पर्स मांडीवर. "मी नुसती बघायला आलेय," ती म्हणाली. फोन पर्समध्ये होता.

कोच मेईने माझ्याकडे पाहिलं. "ऑंटी, नॉट सिक?"

"नॉट सिक."

"देन गो."

मी गेले. पहिला अर्धा भाग ठीक होता. मग खाली पाहिलं. तळ दूर होता, निळा, आणि फरशांच्या रेघा हलत होत्या. इथे पाय टेकणार नाहीत हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि पायांना कळणं वेगळं. नाकात पाणी गेलं. हात सगळे शिकलेलं विसरले. बाजूची दोरी हाताच्या अंतरावर होती आणि मी तिच्याकडे वळलेच होते, तेवढ्यात वरून कोच मेई ओरडली, "ऑंटी, वॉल इज कमिंग." भिंत कशी येईल, जायचं तर मलाच होतं. पण मला हसू आलं, आणि हसायला म्हणून उताणी झाले, आणि उताणं मला येत होतं. दोन श्वास घेतले. मग पुन्हा पालथी झाले आणि पाय मारत राहिले, शास्त्रशुद्ध नाही, म्हैस नदी पार करते तशी, मान वर काढून. भिंत आली.

दोन्ही हातांनी तिला धरून मी तशीच राहिले. वर बाकावर जया उभी राहिली होती आणि गॉगल काढून डोळे पुसत होती.

"कॅन, ऑंटी," कोच मेई म्हणाली, आणि पुढच्या बाईकडे गेली.

अंग पुसून, ओल्या केसांनी मी फाटकाबाहेरच्या बाकावर बसले. फोनवर रविंद्रचा मेसेज होता, 'झालं का?' मी लिहिलं, 'झालं.' लगेच फोन आला.

"फोटो?" त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच, "नाही, राहू दे."

"काढलाच नाही. सांगते. शेजारी कोण आहे?"

"सेकंड इंजिनिअर."

"त्याला बाहेर पाठवा."

दार लागल्याचा आवाज आला.

"स्पीकर बंद आहे?"

"बंद आहे."

"फोन कानाला लावलाय?"

"लावलाय गं."

मग मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं, पाणी कसं असतं ते. बराच वेळ सांगत होते. काय सांगितलं, ते त्यांच्यापुरतं.